जुनी कादंबरी पुन्हा काढायची, तर उन्हाळ्यातच

आपलं पुस्तक बाजारातून संपलंय हे लेखकाला सगळ्यांत शेवटी कळतं. प्रकाशक आपण होऊन सांगत नाही. एखाद्या लग्नात जेवणाच्या रांगेत कुणी बाई विचारते, "तुमची ती कादंबरी कुठं मिळेल हो? आमच्या लायब्ररीतल्या प्रतीची पानं सुटलीत." माझ्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कादंबऱ्यांचं असंच झालं. त्यांतल्या काही मी पुन्हा काढल्या. आता सांगली-मिरजेकडचे लिहिणारे भेटले की तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी हंगामाचं बोलू. काम होळीनंतर हातात घ्यायचं आणि मृगाच्या आत छापील पुस्तक घरात आलेलं असायचं. पुण्याच्या लेखकाला ही घाई कळणार नाही. आम्ही सांगलीत, नदीजवळच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या लेखक-प्रती, जुने करार, हस्तलिखितं खालच्या मजल्यावर लोखंडी कपाटात होती. पाणी उतरल्यावर कपाट उघडेना. आतली पुस्तकं फुगून दारावर दाबून बसली होती. पहारीनं दार काढलं तर चिखलाच्या विटा निघाल्या. आपल्या नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तकं त्याच पुरात गेली. त्यामुळं इथल्या माणसानं 'दिवाळीनंतर बघू' म्हणू नये.

सुरुवात करारापासून करा. कागद सापडला तर आधी मुदतीचं कलम वाचा. आपल्याकडचे बरेच जुने करार 'पहिल्या आवृत्तीपुरते' असतात, म्हणजे ती आवृत्ती संपली की तुम्ही मोकळे. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखीच हवं, आणि लेखी करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. हे पाच वर्षांचं सगळे मोठ्या तोंडानं सांगतात, पण ती तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनं आली आहे आणि त्याआधी झालेल्या करारांना लागू नाही. तुमचा करार १९८८ चा असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. कागदावर 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं असेल, तर सरळ वकील गाठा.

बाकीच्यांनी प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहावं. भांडणाचा सूर नको, उपकाराचाही नको. मी असं लिहिते: 'आपण प्रकाशित केलेल्या माझ्या कादंबरीची आवृत्ती संपून बराच काळ झाला आहे. नवी आवृत्ती काढण्याचा आपला विचार असल्यास तीस दिवसांत कळवावे. तसा विचार नसल्यास मी ती अन्यत्र प्रकाशित करत आहे, त्यास हरकत नसल्याचे पत्र द्यावे.' पत्र स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. जमलं तर स्वतः जाऊन या. आता गादीवर बहुतेक ठिकाणी मुलगा असतो. "काकू, बाबांच्या काळातलं मला काही माहीत नाही," असं म्हणतो आणि लेटरहेडवर सही करून देतो. चहाही पाजतो.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. जुनं मुखपृष्ठ चित्रकाराचं असतं. पुस्तक आपलं म्हणून चित्र आपोआप आपलं होत नाही, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायला लागतं. दुसरं, कादंबरीत घातलेल्या कविता आणि गाणी. आमच्या पिढीला प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दोन ओळी टाकायची भारी हौस होती. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या ओळी खुशाल घ्या. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत थांबा नाहीतर परवानगी आणा. मी अशा बहुतेक ओळी काढूनच टाकल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता प्रत. घरची पुरात गेली असेल तर लायब्ररी. तालुक्याच्या, गावच्या वाचनालयांत विचारा, भिलवडीपासून आटपाडीपर्यंत कुठंतरी एक तरी सापडतेच. ग्रंथपालाला लेखी विनंती द्या, प्रत घरी नेऊ देत नसतील तर तिथंच बसून फोटो काढा. लायब्ररीच्या प्रतीची एक खोड असते. तिची बांधणी दोन-तीनदा झालेली असते आणि प्रत्येक वेळी बाइंडरनं कडा कापलेल्या असतात. पान पूर्ण उघडत नाही, आतल्या बाजूची शेवटची दोन-तीन अक्षरं घडीत जातात. पानावर काच ठेवून दाबा आणि उजेड खिडकीचा एका बाजूनं घ्या. शिवाय बहुतेक वाचनालयं एका ठरलेल्या आतल्या पानावर गुपचूप शिक्का मारतात, चोरी ओळखायला. माझ्या एका कादंबरीत तो नेमका नायिकेनं घर सोडण्याच्या परिच्छेदावर होता. तिथला मजकूर आठवून नका लिहू, दुसरी प्रत मिळवा. आठवणीत आपण नेहमी आत्ताचं लिहितो.

जुन्या डीटीपीवाल्याकडं फाइल असेल या आशेवर फार दिवस काढू नका. फाइल मिळाली तरी ती श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्या' आणि रफार यांचं वाटोळं होतं. गुगल ड्राइव्हमधून फोटोवरून अक्षरओळख करून घेतली तर काम बरंच हलकं होतं, पण तिला 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतला फरक नीट कळत नाही. जुन्या छपाईतला खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, झिजलेला असला की विचारूच नका. 'तिनं भात वाढला' याचं 'तिनं मात वाढला' झालं होतं, आणि एका करुण प्रसंगात 'माझा भाऊ परत येईल' ऐवजी 'माझा माऊ परत येईल'. असल्या चुका शुद्धलेखन तपासनीसाला सापडत नाहीत, कारण शब्द खराच असतो.

म्हणून मुद्रितशोधन दोघांनी, मोठ्यानं वाचून करावं. एकानं जुनी प्रत वाचायची, विरामचिन्हांसकट, 'स्वल्पविराम, अवतरण सुरू, उद्गार' असं म्हणत. दुसऱ्यानं नव्या प्रुफावर पेन्सिल फिरवायची. मे महिन्याचा खरा फायदा इथं आहे. भाचरं सुट्टीला आलेली असतात, दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल टाकवत नाही, लाइट जाते, त्यामुळं मोबाइलही फार वेळ टिकत नाहीत. माझी भाची वाचायला बसते. पानामागं तिचा दर ठरलेला आहे, वर संध्याकाळी भडंग आणि कलिंगड.

तीच एकदा मध्येच थांबून म्हणाली, "आत्या, ही बाई त्याला फोन का करत नाही सरळ? एका पत्रापायी अर्धी कादंबरी रडतीय!"

"तेव्हा घरात फोन नव्हते गं."

"मग आता टाक की."

नव्या आवृत्तीत किती बदलायचं, हा प्रश्न तिथं येतो. माझं मत पक्कं आहे: छपाईच्या चुका दुरुस्त करा. पात्राचं नाव मध्येच सुमनची सुमती झालं असेल तर ते सरळ करा. तासगावची एसटी चुकीच्या दिशेनं धावत असेल तर वळवा. त्यापुढं हात लावू नका. पत्र पत्रच राहू द्या. तिशीतल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक साठीतली बाई सुधारायला बसली की ते दोघींचंही राहत नाही. काही सांगायचंच असेल तर पुढं दोन पानी मनोगत जोडा, आणि खरोखर दोनच पानी. पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असेल, समजा वडिलांचं किंवा आजोबांचं, तर 'नांव', 'कांहीं' मधले अनुस्वार मात्र काढा. तरुण वाचक तिथंच अडखळतो.

ही सगळी उठाठेव दुपारची. सकाळ तिला देऊ नका. उन्हाळ्यात मी साडेपाचला बसते आणि ऊन ओट्यावर येईपर्यंत नवं लिहिते. मे-जूनमध्ये दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात, दीर्घकथा साधारण जुलैअखेर मागतात. जुनं पुस्तक डोक्यात घोळत असलं की नव्या पात्रांच्या तोंडी जुनी वाक्यं येतात, म्हणून दोन्ही कामं एका टेबलावरसुद्धा करू नयेत. प्रुफं झोपाळ्यावर, नवं लिखाण आत.

छपाईचं थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो आणि फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला हात जोडा. प्रकाशक बदलला की जुना क्रमांक चालत नाही, नवा घ्यावा लागतो, आणि त्याचा अर्ज प्रुफं सुरू असतानाच करा. श्रेयनामावलीच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं वर्ष छापा, ते लपवण्यात काही शहाणपण नाही. पानं सोळाच्या हिशेबात बसवा, कारण फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, सोळा पानांचा. मजकूर, मनोगत, शीर्षकपानं मिळून २१० होत असतील तर दोन पानं आवळून २०८ करा, तेरा फॉर्म नेमके होतात. नाहीतर चौदाव्या फॉर्मचा कागद कोराच जातो. कागद नॅचरल शेडचा, ७० जीएसएम. अक्षर तेरा पॉइंटच्या खाली नको. आपल्या वाचक बायका आता साठीच्या पुढच्या आहेत आणि चष्मा स्वयंपाकघरात विसरतात. बांधणी शिवलेलीच सांगा. नुसत्या गोंदाची लायब्ररीत वर्षभर टिकत नाही, आणि ग्रंथपाल दुसऱ्यांदा तुमचं पुस्तक घेत नाही. प्रती आधी दोनशे-तीनशेच काढा. हजार प्रतींचा दर स्वस्त दिसतो, पण गठ्ठे ठेवायचे कुठं? आमच्याकडं तरी माडीवर, आणि माडीला किती वजन सोसवतं ते आधी गवंड्याला विचारून.

उन्हाळ्यातले कार्यक्रम ही विक्रीची खरी जागा. २३ एप्रिलचा पुस्तक दिन, वाचनालयांच्या व्याख्यानमाला, मुलांची शिबिरं. वाईच्या वसंत व्याख्यानमालेसारखी परंपरा असलेल्या गावांत श्रोते ऐकून ऐकून तयार झालेले असतात, त्यांच्यापुढं कादंबरीचं एक प्रकरण वाचून दाखवा, भाषण ठोकू नका. बोलावणाऱ्यांना गाडीभाडं आणि मानधन आधीच विचारावं. शाल-श्रीफळावर आमच्या घरी आता नारळवड्यांचे डबे भरलेत. जाताना पिशवीत वीस प्रती आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा असू द्या. सही करताना नाव कसं लिहितात ते विचारून घ्या, सौ. लावायचं की नाही तेही.

पुस्तक स्वतः काढलं असेल तर कायद्यानं तुम्हीच प्रकाशक. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना आपल्या खर्चानं पाठवायची असते. पुष्कळ जण टाळतात. २०१९ नंतर मी हे टाळत नाही.

आणि पावसाळ्यात विक्री थंडावली म्हणून घाबरू नका. बऱ्याच वाचनालयांची खरेदी अनुदान हातात आल्यावर, मार्चच्या आसपास होते. तेव्हासाठी शंभरेक प्रती राखून ठेवा, वाचनालयांना किती टक्के सूट देणार ते आत्ताच ठरवा, आणि बिलबुक छापून घ्या. बिलाशिवाय ग्रंथपाल पुस्तक दाखल करत नाही.