आजीची नथ मोडीत घालण्याआधी

जुनी नथ किंवा मोत्यांच्या कुड्या सराफाकडे नेल्या की तो सोन्याचं वजन करतो, मोती वजा करतो आणि हिशोब मांडतो. वजा केलेले मोती कधीकधी सोन्यापेक्षा महाग असतात! जुन्या नथीत बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती असू शकतात.

म्हणून असं करा:

१. दागिना चकचकीत करून घेऊ नका. जुनी झाक, हातघडणीच्या खुणा हीच त्याची किंमत. आम्ल तर मोत्याला लावूच नका, पृष्ठभाग खराब होतो.

२. दोन-चार मोती नैसर्गिक असावेत अशी शंका आली तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत एक्स-रे करून घ्या. मोती नैसर्गिक की संवर्धित (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नाही. दातांवर घासून फक्त नकली मोती ओळखता येतो, बाकी काही नाही.

३. सोन्याचा कस कॅरेटोमीटरवर तपासा. ठुशी, बोरमाळ असेल तर आत लाख आहे का तेही विचारा, नाहीतर वजनावरून भलतीच आशा लागते.

४. मग किमान तीन ठिकाणी भाव विचारा: सोनं वेगळं, मोती वेगळे आणि अख्खा दागिना वेगळा. अख्ख्याचा भाव जुन्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याकडेच विचारावा, मोड घेणाऱ्याकडे नव्हे.

फक्त एक जपा: १०० वर्षांपेक्षा जुना दागिना १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो. परदेशातल्या ग्राहकाला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.