ब्लोअर लावलेल्या फियाटचं टायमिंग

लालबागला माझ्या गॅरेजात एक प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे जुनी फियाट. १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्यावर मी जुना जपानी ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप, बसवलाय, बेल्टवर चालणारा, ५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) जादा दाबाचा, म्हणजे बूस्टचा. (असं काही करायचं असेल तर आरटीओची मंजुरी आधी घ्या, मग पान्याला हात लावा.)

पहिल्या खेपेला टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, रात्री अकराला लावलं, कानाने. काय गोड वाटलं! दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापली आणि फ्लायओव्हर चढताना तिसऱ्या पिस्टनची कड तुटली. नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) ऐकूच आलं नाही, ब्लोअर इतका किंचाळतो.

ब्लोअर सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. दाबलेली हवा तापते, आणि दाट मिश्रण भराभर जळतं. म्हणून ठिणगी उशिरा द्यायची. ढोबळ हिशोब असा की दर पीएसआयला एक डिग्री मागे. पण मागे कुठून, हे ठरवायला आधी खरा टीडीसी हवा, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा. पुलीवरच्या जुन्या खुणेवर माझा विश्वास नाही. एक नंबरच्या प्लगच्या भोकात स्टॉपर (पिस्टनला वर जाताना अडवणारा बोल्ट) लावा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) हाताने, हळू, दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवा आणि दोन्ही जागी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे टीडीसी. माझी पुली १५० मिमीची, म्हणजे परीघ ४७१, म्हणजे १० डिग्रीला साधारण १३ मिमी. शिंप्याच्या टेपने मोजून मी टीडीसीआधीच्या १०, २० आणि ३० डिग्रीच्या रेषा बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशने काढल्या. ती बाटली अजून परत केलेली नाही.

आता टायमिंग लाईटचा (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणाऱ्या दिव्याचा) चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरला. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढून तिच्यात स्क्रू कोंबा. आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाचा, आकडा बघून खूश होऊ नका. खूण पुढे सरकायची थांबेपर्यंत रेस करा. माझ्याकडे ३५०० आरपीएमच्या आसपास थांबते. तो आकडा खरा. माझ्याकडे आयडलला १० डिग्री आणि वर वजनांचे (डिस्ट्रिब्युटरमधली वजनं वेग वाढला की ठिणगी पुढे ढकलतात) २४, एकूण ३४ निघाले. ब्लोअरसाठी हे फार झालं.

इथे बहुतेक जण अख्खा डिस्ट्रिब्युटर मागे फिरवतात. मग आयडलही मागे जातं, इंजिन तापतं, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लाल व्हायला लागतो. त्यापेक्षा डिस्ट्रिब्युटर खोला. वजनांची हालचाल जी खाच अडवते, तिच्यात थोडं पितळ भरा आणि बारीक कानशीने घासत जा. ध्यानात ठेवा, डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो: इथली १ डिग्री म्हणजे क्रँकवर २. क्रँकवर १६ हवेत तर खाचेत ८ च सोडायचे. ढोबळ हिशोबाने ३४ वजा ५, म्हणजे २९ येतात; मी त्याहून मागे, १० अधिक १६, एकूण २६ वर सुरुवात केली.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घ्या, गॅप ०.७ मिमीच्या वर नको, आणि टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. ज्या पेट्रोलवर टायमिंग लावाल, तेच कायम भरायचं.

नॉकिंग ऐकायला हातभर तांब्याची नळी घ्या. एक टोक ठोकून चपटं करा, भोक पाडा आणि ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, तो कानाच्या मफमध्ये. ब्लोअरचा आवाज मागे पडतो आणि नॉकिंग पत्र्यावर चणे पडल्यासारखं स्पष्ट येतं. हे डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा, दुपारी, इंजिन नीट तापल्यावर. एकेक डिग्री पुढे घ्या. ताकद वाढायची थांबली की तिथून मागे फिरा, नॉकिंग येईपर्यंत वाट बघू नका.

प्रत्येक फुल थ्रॉटलनंतर लगेच इग्निशन बंद करून प्लग काढा आणि पांढरी चिनीमाती भिंगाखाली धरा. मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके किंवा चकाकणारे कण दिसले तर पिस्टनचं ॲल्युमिनियम सुटतंय. माझ्या गाडीला २७ ला कण नव्हते, २८ ला तिसऱ्या प्लगवर दोन दिसले. मी परत २६ वर आणून बोल्ट आवळला.