पिंक फ्लॉइड कुठून ऐकायला घ्यायचं
पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड. तो ऐकताना शेवटाकडून सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. १९७९चा 'द वॉल' आधी ऐकला नि ही भिंत कशाची, तेच कळेना.

आधी १९६७चा पहिला अल्बम लावा. त्यातली बहुतेक गाणी बँडचा गायक-गिटारवाला सिड बॅरेटची. १९६५ला लंडनमध्ये जमलेल्या या पोरांना नावही त्यानंच दिलं. १९६८त त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही, तो बँडमधून बाहेर पडला नि त्याच्या जागी गिटारवाला डेव्हिड गिलमोर राहिला. मधले अल्बम पहिल्या खेपेला सोडले तरी चालतंय.

मग १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून'. परभणीच्या उन्हाळ्यात, रात्री लाइट गेल्यावर, गच्चीवर हेडफोन लावून सलग ऐका. त्यातल्या 'मनी' या गाण्यापाशी मात्र थांबा. नाण्यांचा नि गल्ल्याचा तो आवाज टेपचे तुकडे जोडून केलाय. बोटांवर मोजा, सात मात्रा भरतात. आमच्या भजनी मंडळातल्या तबलजी काकांना ऐकवलं, तर मांडीवर ठेका धरून म्हणाले, "आरं, हे तर आपल्या रूपक तालासारखं हाय की!" पुढं गिटारच्या सोलोला चार मात्रा सुरू झाल्या नि काकांचा हात चुकला. लई चिडले.

त्यानंतर १९७५चा 'विश यू वेअर हिअर'. याचं रेकॉर्डिंग चालू असताना बॅरेट स्टुडिओत आला होता, अंगानं सुटलेला, भुवया काढलेल्या. जुन्या दोस्तांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हे डोक्यात ठेवून ऐका.

आता लावा 'द वॉल'. १९८५ला बँडचा बास गिटारवाला नि गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडला. त्यापुढचं मी क्वचितच लावतो.