खाजणातल्या तिळाएवढ्या गोगलगायी बघायच्यात? मग या चुका टाळा

ओहोटीला खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या (खारफुटीच्या) चिखलात, उतरलं की निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) दिसतात, चिंबोरीची बिळं दिसतात, पण तिवराच्या श्वासमुळांशी चिखलावर जे तपकिरी चकचकीत दाणे पडलेले असतात त्या जिवंत गोगलगायी आहेत हे मला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कळलंच नव्हतं. ॲसिमिनिइडी नावाचं हे कूळ, बहुतेक जाती एक सेंटीमीटरच्या आतल्या, कित्येक तर दोन-चार मिलिमीटरच्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "ही कुठल्यातरी मोठ्या शंखाची पिल्लं असणार" म्हणून सोडून देणं. मीही तेच केलं. एकदा भिंग घ्या आणि डोळे बघा. पाण्यातल्या बहुतेक शंखवाल्यांना लांब शिंगं असतात आणि डोळे शिंगांच्या बुडाशी, आपल्या बागेतल्या गोगलगायीचे डोळे लांब शिंगांच्या टोकाला. ह्यांचं तिसरंच, शिंगं जवळजवळ नाहीतच, दोन आखूड जाड खुंट आणि त्यांच्या टोकावर काळे ठिपके. एकदा दिसलं की परत विसरत नाही. तिवराच्या पानांवर-खोडांवर चढणाऱ्या शंखांची पिल्लं यात मिसळतात पण त्यांची शिंगं लांब असतात. आणखी एक गोंधळ घालणारी मंडळी तिथेच राहतात, शंखाच्या तोंडात दातांसारखे उंचवटे असलेली, त्यांच्या मोठ्यांना शंखाचं तोंड बंद करायचं झाकण नसतं. ह्यांना असतं, पातळ, नखासारखं.

झाकणावरून आठवलं. झाकण बंद म्हणजे मेली असं नाही!! उन्हात चिखल सुकला की ती आत जाऊन दार लावून बसतात. तिथलंच पाणी दोन थेंब टाका आणि थोडा वेळ बोलू नका, हलू नका, मग हळूच तोंड बाहेर येतं.

आता माझी सगळ्यात मोठी घोडचूक. चार-पाच उचलून बाटलीत घातली, बाटली काठोकाठ भरली, का तर "पाण्यातला प्राणी". सगळी वर चढून बाटलीच्या झाकणाला चिकटली, मला वाटलं पळून जातायत, म्हणून मी बाटली परत परत हलवून त्यांना खाली पाडत होतो (आता लाज वाटते) आणि वर बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात. घरी पोचेपर्यंत कारभार आटोपला होता. ह्यांचे कल्ले बरेच आक्रसलेले असतात आणि ती हवेवरही भागवतात, पण कोरडंही चालत नाही, म्हणजे त्यांना पाणी नको असतं, ओल हवी असते. बघायचंच असेल तर डबीत तिथलाच ओला चिखल, एखादं कुजकं पान, झाकणाला भोकं, सावली, आणि बघून झालं की जिथून उचलली तिथेच सोडा. नळाचं पाणी अजिबात नको.

वेळेचं पण बघा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, कालच्या टायमाला गेलात तर अंदाज चुकणारच. खाली खाडीच्या पाण्यात शोधू नका, भरतीची रेषा जिथे संपते तिथल्या पट्ट्यात, कुजक्या पानांखाली, दगडाच्या ओल्या बाजूला बघा. पाय मात्र जपून, एका पावलाखाली किती जातील सांगता येत नाही. अमेरिकेत डेथ व्हॅलीत बॅडवॉटर म्हणून जागा आहे, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 86 मीटर खाली, तिथल्या खारट झऱ्याच्या काठी ह्याच कुळातली एक इवली गोगलगाय राहते, आणि लोक झऱ्यात उतरू नयेत म्हणून तिथे लाकडी पायवाट आहे. त्याच कुळातली पेकोस नदीच्या भागातली दुसरी एक 2005 पासून तिथल्या संकटग्रस्त यादीत आहे. मॉरिशसकडची काही भावंडं तर पाण्याचा नाद सोडून पार जंगलात राहायला गेलीत.

शेवटची चूक फोटोवाल्यांची. वरून एक फोटो काढायचा, स्केल नाही, आणि खाली विचारायचं "जात कोणती?". फोटोवरून कुळापर्यंत पोचता येतं, पुढे बऱ्याचदा जिभेवरची दातांची पट्टी आणि जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघावी लागतात, त्यामुळे छातीठोकपणे जातीचं नाव चिकटवू नका. तीन फोटो काढा, तोंडाची बाजू, पाठ, आणि चालताना समोरून डोळ्यांचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. माझे पहिले फोटो एक रुपयाच्या नाण्याशेजारी होते, त्यात नाणंच छान फोकसमध्ये आलंय.