मेंबर टिकत नाहीत? दारात काय बोलता ते आधी बघा

जळगावात जिम चालवायला लागल्यापासून दरवर्षी एकच चित्र बघतोय. जानेवारीत ट्रेडमिलसाठी रांग, आणि अखाजी (अक्षय तृतीया) उलटली की त्याच ट्रेडमिलच्या दांडीवर ट्रेनरचा टॉवेल वाळत घातलेला. बरीच वर्षं मी उन्हाला आणि लग्नसराईला बोल लावला. मे महिन्यात पारा 44-45 वर आणि डोक्यावर पत्रा, तेव्हा ऊन हे काही खोटं कारण नाही. पण पाऊस पडून गारवा आला तरी ही माणसं परत का येत नाहीत, याचं उत्तर उन्हात सापडत नव्हतं. ते माझ्याच काउंटरवर होतं.

कापड दुकानात काम करणारे एक चाळिशीतले मेंबर होते. तीन महिने नियमित. मग मामेभावाचं लग्न, पाठोपाठ आईचा दवाखाना, असा तीनेक आठवडे खंड पडला. परत आले त्या संध्याकाळी मी काउंटरवरूनच मोठ्यानं म्हणालो, "काय भो, वाट चुकले का आज?" बेंचवरची पोरं हसली. तेही हसले. दोन सेट मारले, पाणी प्यायले आणि गेले. फी पुढच्या दोन महिन्यांची भरलेली होती. त्यांचे बूट रॅकच्या खालच्या खणात दिवाळीच्या साफसफाईपर्यंत पडून होते.

जिमवाल्यांची सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती आपण प्रेमानं करतो. दांड्या सगळेच मारतात. माणूस सुटतो तो दांडीनंतर परत यायची लाज वाटते म्हणून. 'आता तीन आठवडे गेलेच आहेत, पुढच्या एक तारखेपासून बघू' असं तो स्वतःशी म्हणत असतो. ते सगळं ओलांडून तो दारात येतो आणि आपण त्याच्याकडे गैरहजेरीचा हिशोब मागतो.

अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम साखळीच्या 61 हजारांवर मेंबरांवर 54 वेगवेगळ्या युक्त्या वापरून बघितल्या गेल्या. निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात पुढे ठरलेल्या युक्तीत ठरलेला व्यायाम चुकल्यानंतर परत येणाऱ्याला छोटासा बोनस होता. किती? साधारण 9 सेंट. एवढ्याशा रकमेसाठी कोणी घाम गाळत नाही. चुकलास तरी चालेल, ये, एवढंच त्यातून कळत असावं.

म्हणून आमच्याकडे आता 'कुठे होता' हा प्रश्न बंद. "या दादा, आज हलकंच घेऊ," बस. आणि हलकं म्हणजे खरंच हलकं. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर मी जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरुवात करून देतो. जुनाच बार लावला आणि तो छातीवर अडकला, तर लाजेवर आणखी एक लाज. अंगठ्याच्या मशीनवर लाल दिवा लागून 'फी बाकी' असं सगळ्यांसमोर ओरडत असेल, तर तो आवाजही बंद करा.

दुसरी चूक पहिल्या दिवशीची. ट्रेनरला आपलं ज्ञान दाखवायचं असतं, म्हणून नव्या माणसाकडून इतक्या बैठका काढतो की दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही. अंगदुखी साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते, म्हणजे नेमकी सवय लागायच्या वेळी. पहिले दोन आठवडे बोलता बोलता करता येईल एवढाच व्यायाम द्या. 'आपल्याला जमतंय' हे वाटणं त्या दिवसांत कॅलरींपेक्षा मोलाचं.

'21 दिवसांत सवय लावा' हा बॅनर माझ्याही भिंतीवर होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी कंटाळा आलेल्या माणसाला मात्र वाटतं की खोट आपल्यातच आहे. बॅनर उतरवला.

वेळेबाबतही आपण उगाच कडक असतो. 'सातची बॅच म्हणजे सातच' हे शाळेत ठीक. भुसावळहून येणारे रेल्वेतले मेंबर शिफ्ट बदलली की आठवडाभर गायब, कारण 'आपली वेळ हुकली'. ठराविक वेळ असावीच, पण जोडीला दुसरीही सांगून ठेवा: सातला जमलं नाही तर नऊला, फक्त पंधरा मिनिटं. आणि 'रोज येईन' असं वदवून घेण्यापेक्षा 'दुकानाचं शटर ओढलं की घरी न जाता थेट इकडे' असं ठरवून घ्या. घरी जाऊन सोफ्यावर बसलेला माणूस परत उठत नाही, मीही उठत नाही.

वर्षभराची फी आगाऊ घेतली की माणूस बांधला गेला, हा समज तर सोडूनच द्या. पैसे अडकले म्हणून चार दिवस जास्त येईल. पुढे तीच पावती त्याला टोचते आणि तो आपल्या गल्लीतून जायचंही टाळतो.

भरतीवाल्या पोरांना यातलं काही लागत नाही. त्यांना 1600 मीटर पळायचं असतं, तारीख डोळ्यांसमोर असते. पण तारीख संपली की तेही संपतात. मैदानी चाचणीच्या आधीच्या आठवड्यातच विचारून ठेवा, "नंतर काय करायचंय रे?" कुणी कबड्डी म्हणतं, कुणी नुसतंच दंड. तेच धरून ठेवा.

आमच्या रजिस्टरमध्ये यंदापासून एक नवा रकाना आखलाय: 'परत आले'. ट्रेनरचा इन्सेंटिव्ह नव्या ॲडमिशनवर कमी केला आणि या रकान्यावर वाढवला. पहिल्या महिन्यात तो कुरकुरला. आता कोणी चार दिवस दिसलं नाही तर मला न विचारता स्वतःच फोन लावतो, आणि "आठनंतर गर्दी नसते, या," एवढंच बोलून ठेवून देतो.