दोरा आणि कुलूप घेऊन गुरुत्वाकर्षण कसं मोजायचं

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मी तो शिकवते तेव्हा गुरुत्व त्वरणाचा, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो याचा, ९.८ हा आकडा मुलांना आधी पाठ करू देत नाही. तो त्यांनी घरी मोजून आणायचा. स्वतः मोजलेल्या आकड्यावर मुलं जशी विश्वास ठेवतात, तशी छापलेल्या आकड्यावर ठेवत नाहीत.

गोधडी शिवायचा जाड दोरा, एक लहान पितळी कुलूप, मीटर टेप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. नाडा किंवा इलॅस्टिक नको, ते ताणलं जातं. छताला पाळण्याची कडी असेल तर उत्तम, नाहीतर दाराच्या चौकटीतला पक्का खिळा चालेल. गाठ मात्र घट्ट हवी. दोरा खिळ्यावर सरकत राहिला तर झोक्यागणिक लांबी बदलते आणि सगळं मोजमाप वाया जातं.

लांबी बरोबर एक मीटर ठेवा. ती खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत मोजायची, दोरा संपतो तिथपर्यंत नाही. मुलं हमखास इथे घसरतात, आणि एका सेंटिमीटरची चूक उत्तरात ०.१ चा फरक पाडते.

आता कुलूप दहा-बारा सेंटिमीटर बाजूला ओढून सोडा, ढकलू नका. त्याहून मोठा झोका घेतला तर वेळ थोडा वाढतो आणि पुढे दिलेलं आपलं साधं सूत्र लागू पडत नाही. कुलूप स्थिर असताना जिथे लोंबतं, तिथे मागच्या भिंतीवर खडूची रेघ मारून ठेवा. कुलूप ती रेघ ओलांडेल तेव्हा स्टॉपवॉच सुरू करा आणि तोंडाने ‘शून्य’ म्हणा. पुन्हा त्याच दिशेने रेघ ओलांडली की ‘एक’, म्हणजे जाऊन-येऊन एक आंदोलन पूर्ण झालं. असं वीसपर्यंत मोजा. सुरुवातीलाच ‘एक’ म्हटलंत तर एक आंदोलन कमी मोजलं जातं.

वीस आंदोलनांना साधारण ४०.२ सेकंद लागतील, म्हणजे एकाला २.०१ सेकंद. या संख्येचा वर्ग करा. मग ३९.५ ला मीटरमधल्या लांबीने गुणून त्या वर्गाने भागा. (३९.५ म्हणजे π (पाय, ३.१४) या संख्येच्या वर्गाची चौपट.) उत्तर ९.७८ च्या आसपास येईल. हे तुमच्या घरातलं गुरुत्व त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. महाराष्ट्रातली खरी किंमत ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान आहे. तुमचं उत्तर ९.७ किंवा ९.९ आलं तरी मोजणी चांगली झाली असं समजा.

खरी मजा पुढे आहे. लहान कुलूप काढून शटरचं मोठं, चांगलं जड कुलूप बांधा. लांबी पुन्हा कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर करून घ्या आणि वीस आंदोलनं मोजा. वेळ तोच येतो! वर्गात यावर भरपूर वाद होतो, आणि तो मी होऊ देते. जड कुलपाला पृथ्वी जास्त जोराने ओढते, हे मुलांचं म्हणणं बरोबरच असतं. पण वस्तुमान दुप्पट झालं की त्याला हलवणंही दुप्पट अवघड होतं. ओढ दुप्पट आणि अडवणूकही दुप्पट, म्हणून वेगातला बदल तेवढाच राहतो. वस्तुमान म्हणजे कुलपातलं द्रव्य आणि वजन म्हणजे त्या द्रव्यावरची पृथ्वीची ओढ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आता स्वतःचं वजन काढा. ५५ किलो हे वस्तुमान झालं. त्याला ९.७८ ने गुणलं की सुमारे ५३८ न्यूटन (न्यूटन हे ओढीचं, म्हणजे बलाचं एकक), हे वजन. एक न्यूटन हाताला कळावा म्हणून वाण्याकडचं शंभर ग्रॅमचं माप तळहातावर ठेवून बघा. जाणवतो तो भार जवळजवळ एक न्यूटन असतो. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२ आहे. तिथे तुमचे ५५ किलो ५५ च राहतील, वजन मात्र ८९ न्यूटन भरेल, आणि हाच एक मीटरचा लंबक, म्हणजे दोऱ्याला लोंबणारं आपलं कुलूप, वीस आंदोलनांना जवळपास ९९ सेकंद घेईल. तागडीला हा फरक कळणारच नाही, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच कमी होते. ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या काट्याला, तो लगेच कळेल.

पृथ्वीवरही ही ओढ सगळीकडे सारखी नाही. १६७२ मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये लावलेलं लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलं, तर ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे तिथे ओढ किंचित कमी पडते. एका आंदोलनात हा फरक पकडणं अशक्यच, पण दिवसभरात तो साचत गेला. तुम्हालाही उत्तर अधिक नेमकं हवं असेल तर हीच युक्ती करा. जड कुलूप लावा, लांबी मिलिमीटरपर्यंत मोजा आणि वीसऐवजी शंभर आंदोलनं मोजा.