फ्लॅटमध्ये बजी पाळायचेत? मग हे वाचा

आधी एक क्लिअर करून टाकू, आपला हिरवा देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, विकणारा काहीही सांगो. हौसच असेल तर बजी घ्या, दुकानात लव्हबर्ड म्हणून खपवतात ते छोटे रंगीत परदेशी पोपट, आणि जोडीनेच घ्या, एकटा पक्षी कंटाळतो. पिंजरा उंच नको, आडवा लांब हवा कारण ते आडवे उडतात, आणि तारांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त गॅप नको, डोकं अडकतं. किचनजवळ तर अजिबात ठेवू नका! नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. बाहेर सोडताना पंखा बंद, खिडक्या बंद. खायला नुसती बाजरी-राळे घालत बसू नका, चरबी वाढते, कोथिंबीर पालक किसलेलं गाजर द्या, मिरचीपण चालते, त्यांना तिखट लागतच नाही. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट म्हणजे विष. रात्री दहा-बारा तास अंधार लागतो, त्यामुळे हॉलमध्ये सासूबाईंच्या सिरियल चालत असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवा. पिसं फुगवून तळाशी बसला की लगेच डॉक्टर, आणि पक्षी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, बरेचसे फक्त कुत्री-मांजरंच बघतात.